तांब्याभर खुलासा

कडुबाअण्णांच्या प्रचाराची वॉर रूम त्यांच्याच मंगल कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत थाटली होती. आरशाच्या कडेला नवरीच्या मैत्रिणींनी चिकटवलेल्या टिकल्या अजून तशाच होत्या आणि खिडकीच्या गजाला गजऱ्याचा वाळका दोरा लोंबत होता. सुलेखानं पहिल्या दिवशी त्या टिकल्या खरवडायला घेतल्या, तर ऋतुराजसर म्हणाले, "राहू द्या हो, आपण इथं इतिहास घडवायला बसलोय." ऋतुराजसर म्हणजे पुण्याहून मागवलेले प्रचार सल्लागार. दर दोन वाक्यांमागं ते 'नरेटिव्ह' म्हणत. अण्णांना ते बरेच दिवस कपाशीवर फवारायचं औषध वाटत होतं, पण पुण्याचा माणूस बोलतोय म्हणजे काहीतरी असेल, असं समजून ते मान डोलवत.

सुलेखा या प्रचाराची डिजिटल प्रमुख. पद भारदस्त, हाताखाली मात्र दोन लॅपटॉप, एक ट्रायपॉड आणि फकिराभाऊ. आधी ती वाळूजच्या एका कंपनीत कामगारांच्या हजेऱ्या भरायची. तिथं तिनं लिहिलेलं कुणी वाचत नसे, इथं सगळा वॉर्ड वाचेल, या आशेनं ती आली होती. शिवाय अण्णांनी शब्द दिला होता की नगरसेवक म्हणून निवडून आलो की ऑफिस कायमचं तुझ्या ताब्यात. अण्णांच्या शब्दाला गावाकडं वजन होतं असं म्हणतात. फकिराभाऊ हे त्याच गावापासूनचे कार्यकर्ते. त्यांच्या हाती मोबाईल आल्यापासून अण्णांची शिंकसुद्धा वाया जात नव्हती, लगेच स्टेटसला लागायची.

प्रचाराचा मुद्दा पाणी. दुसरा कुठला असणार? नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि तेही कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. पैठणला धरण भरलं की ओटी भरतात, फोटो येतात, बातमी येते. पाणी तेवढं येत नाही. अण्णांच्या बॅनरवर त्यांचे जोडलेले हात होते आणि मागं भलामोठा धबधबा, बर्फाळ डोंगरातून कोसळणारा. खाली लिहिलं होतं, 'थेंब न् थेंब तुमच्या दारात'. तो धबधबा कुठल्या देशातला हे कुणी विचारलं नाही.

सुलेखा राहायची पुंडलिकनगरात, आईबरोबर. आई वाळूजला पॅकिंगला, सकाळच्या बसनं जायची. पाण्याच्या दिवशी घरात कुणी नसे. मग शेजारच्या मनकर्णाबाई आपल्या कंबरेच्या किल्ल्या खुळखुळवत यायच्या, यांची मोटार लावायच्या, टाकी भरायच्या, पिंप भरायच्या आणि वर कुलूप नीट लागलंय का ते ओढून बघायच्या. सुलेखा शाळेत असल्यापासून हे चाललं होतं. मनकर्णाबाईंना कुणी नातं विचारलं तर त्या म्हणायच्या, "पाण्याचं हाय." याहून जवळचं नातं या शहरात सापडायचं नाही.

तर अण्णांची प्रचारफेरी एका दुपारी या गल्लीत आली. जलवाहिनीसाठी रस्ता खोदून ठेवलेला, धुरळा गुडघ्यापर्यंत. मनकर्णाबाईंनी रीतीप्रमाणं उंबऱ्याशी येऊन अण्णांच्या हातात तांब्या दिला. काठोकाठ भरलेला, पितळी, चिंचेनं घासलेला. आणि अण्णांनी तो शांतपणे, चवीचवीनं, आधी उजव्या पायावर आणि मग डाव्या पायावर ओतला. चपलेतून अंगठा बाहेर काढून बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. उरलेल्याची चूळ भरून गटारीत टाकली.

यात अण्णांचा तसा दोष नव्हता. अण्णा पैठणकडचे, कालव्याच्या काठचे, विहिरीला पंधरा माणसं पोहतील एवढं पाणी. तिकडं पाहुण्याला उंबऱ्याबाहेर दिलेला तांब्या पायावर घ्यायचा असतो. प्यायचं पाणी आत बसल्यावर येतं. पण पुंडलिकनगरात आत-बाहेर असे दोन तांबे देण्याची ऐपत कुणाची उरलेली नाही. मनकर्णाबाई ओल्या पायरीकडं बघत राहिल्या. मग रागानं नाही, लहान पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "आरं लेकरा, ते प्यायचं व्हतं."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या तांब्याचा व्हिडिओ मोबाईलमोबाईलवर फिरला आणि हे वाक्य ढोलकीवर चढलं होतं. 'लेकरा, ते प्यायचं व्हतं, व्हतं, व्हतं', आणि प्रत्येक 'व्हतं'ला अण्णांचा अंगठा. कुणीतरी आख्खी जायकवाडी अण्णांच्या पायावर रिकामी केली. कुणी त्यांच्या बेचक्यातून मासे पळवले. वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये पुढची सीट 'लेकरा' म्हणायची आणि मागची सीट 'व्हतं' म्हणायची. सुलेखाच्या आईनं घरी येऊन सांगितलं की मुकादमसुद्धा ताल धरतो.

वॉर रूममध्ये सुतक होतं. सुलेखा म्हणाली, "सर, अण्णांनी सरळ सांगावं. आमच्याकडं दारातलं पाणी पायावर घेतात, सवयीनं चुकलो, मावशी माफ करा. लोक हसतील आणि सोडून देतील."

अण्णाही वरपक्षाच्या खोलीतून उठून आले होते. म्हणाले, "खरंच हाय ते. म्हातारीला दोन हंडे पाणी नेऊन देऊ की."

ऋतुराजसरांनी डोळे मिटले. अडाणी जगात जन्म घेतल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. "माफी म्हणजे कबुली, अण्णा. कबुली दिली की व्हिडिओ खरा ठरतो. व्हिडिओ खरा ठरला की नरेटिव्ह गेलं. आपण म्हणायचं, हा व्हिडिओ एआयनं बनवलाय. डीपफेक."

"पण पाय माझेच हायती," अण्णा म्हणाले.

"पाय तुमचेच दिसतात. तेच तर एआय."

अण्णांनी एकदा आपल्या पायांकडं संशयानं पाहिलं आणि मान डोलावली.

खुलासा लिहायचं काम सुलेखाचं. ऋतुराजसर सांगत होते ते असं, 'ती बाई काही खरी नाही'. सुलेखाचं मराठी चांगलं होतं, शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं. तिनं ते सुधारून लिहिलं, 'सदर चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे तयार करण्यात आली असून, त्यातील वृद्ध महिला अस्तित्वात नाही.' वाचताना तिलाच ते छान वाटलं, आणि पोस्ट करताना मनकर्णाबाईंच्या किल्ल्या आठवल्या. पण कायमच्या ऑफिसाची किल्ली त्याहून जोरात खुळखुळत होती. तिनं बटण दाबलं.

मग तक्रारही हवी. 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' असा अर्ज घेऊन फकिराभाऊंना सायबरवाल्या पोलिसांकडं पाठवलं. फकिराभाऊ तिथं तासभर बाकावर बसले. साहेबांनी विचारलं, व्हिडिओ आहे का? फकिराभाऊंनी आपल्याच मोबाईलमधून दाखवला. साहेब म्हणाले, तुमच्याकडं कुठून आला? फकिराभाऊंना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "माझ्याकडं कुठून येतोय साहेब, म्याच तर काढलाय." आणि त्यांनी स्टेटस उघडून दाखवलं. खाली लिहिलेलं होतं, 'माणूस लई साधा', आणि पुढं जोडलेल्या हातांची पाच चिन्हं. साहेबांनी अर्ज घडी घालून परत दिला आणि चहा पाजला.

ऋतुराजसर फकिराभाऊंवर उखडले नाहीत. ते मोठे माणूस होते. त्यांनी फकिराभाऊंना खुर्चीवर बसवून समजावलं की हा व्हिडिओ तुम्ही काढलेलाच नाही. फकिराभाऊ बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, म्या नाय काढला. पण आला लई झकास व्हता, सर."

इकडं अस्तित्वात नसलेल्या बाईला शोधत एक स्थानिक चॅनेलवाला गल्लीपर्यंत पोचला. त्यानं मनकर्णाबाईंना माईक लावून विचारलं, "आजी, तुम्ही खऱ्या आहात का?" शेजारची पोरं त्यांना 'एआय आज्जी' म्हणू लागली. किराणावाला हसत हसत म्हणाला, "नसलेल्या माणसाला तेल कसं देऊ?" तो गमतीनं म्हणाला होता, पण मनकर्णाबाई तेल न घेता परत आल्या. नवरा गेला, लेक पैठणला सासरी गेली, दीर आपला हिस्सा विकून गेला, तरी तीस वर्षं त्या एका उंबऱ्यावर पाय रोवून उभ्या होत्या. आणि आता तो खुलासा उचलून पेपरातही छापून आलं होतं की ही बाई नाहीच.

ऋतुराजसरांना मात्र वेगळीच काळजी. चॅनेलवाला पुन्हा आला आणि बाई दिसली, तर खुलाशाचं काय? त्यांनी ठरवलं की मतदान होईपर्यंत तिला पैठणला लेकीकडं पोचवायचं. गाडी आपली, वरून साडीचोळी. मनवायला कोण? सुलेखा, कारण ती शेजारीण.

सुलेखा गल्लीत शिरली तेव्हा कोपऱ्यावर गाडी उभी होती, आत फकिराभाऊ. दिवस नेमका पाण्याचा होता. पायऱ्या ओल्या, गल्लीभर मोटारींची घरघर आत्ताच थांबलेली. ती आधी स्वतःच्या घरी गेली. टाकीवर हात मारला, तर ठणठण. पिंपं कोरडी. आई नुकतीच कामावरून येऊन रिकाम्या कळशीशेजारी बसली होती. तिनं शेजारच्या भिंतीकडं बघितलं.

सुलेखा पलीकडं गेली. मनकर्णाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नेहमीसारखं "पाणी देऊ का गं?" विचारलं नाही.

"मावशी, मोटार लावली नाय का आमची?"

"कोण लावणार?" मनकर्णाबाईंनी वर न बघता विचारलं. "मी तर नायच म्हणं. तूच लिवलंस ना ते? निबंधाचं बक्षीस घेऊन आली व्हतीस, तवा तुला साखर म्याच दिली व्हती. का तीबी नव्हती?"

सुलेखाला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण जमीन आधीच जलवाहिनीसाठी दुभंगलेली होती आणि तिथं फक्त धुरळा होता. ती म्हणाली, "मावशी, तो कामाचा भाग होता."

"व्हय. पाय धुणं तुझ्या अण्णाच्या कामाचा भाग, पुसणं तुझ्या. आन् ती गाडी कुणाची उभी हाय मघापासून?"

सांगणं भाग होतं. सुलेखानं पैठणचं सांगितलं, लेकीकडं चार दिवस, साडीचोळीचंही सांगितलं. मनकर्णाबाईंनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"जी नायच, तिला न्यायचं कसं? गाडीत काय ठेवणार, हवा?" त्या म्हणाल्या. "माझं मत हाय इथं. माझा नळ हाय. मी उठली तर त्या तुमच्या कागदाचं खरं व्हईल. मी नाय उठत."

फकिराभाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेले. त्या रात्री सुलेखाच्या आईनं शेजारून नाही, चौकातून विकतचा जार आणला. सुलेखाला झोप आली नाही. हजेऱ्या भरत होती तेव्हा हजर माणसाच्या नावापुढं तिनं कधी गैरहजेरीची फुली मारली नव्हती; इथं तिनं समोर बसलेल्या बाईवरच फुली मारली होती.

दोन दिवसांत वारं फिरलं. समोरच्या उमेदवाराच्या प्रचाररिक्षा 'ते प्यायचं व्हतं' वाजवत फिरू लागल्या. गणपतीत वाजेल इतकं ते गाणं घरोघर पोचलं. आकडे पाहून ऋतुराजसरांना साक्षात्कार झाला. ते आरशासमोर उभे राहून म्हणाले, "लोकांना ही बाई आवडते. आपण तिला सोडून चूक केली. ही बाई आपली आहे."

"सर, ती अस्तित्वात नाही ना?" सुलेखानं विचारलं.

"खुलाशाला मुदत असते, सुलेखा. औषधासारखी. तो संपला." मग त्यांनी योजना मांडली. अण्णा त्याच दारात जाणार, त्याच म्हातारीच्या हातून त्याच तांब्यातलं पाणी पिणार, शेवटच्या थेंबापर्यंत. थेट प्रक्षेपण, अण्णांच्या अधिकृत पानावरून. बिनपरवानगीच्या व्हिडिओला परवानगीच्या व्हिडिओनं उत्तर. कॅमेरा सुलेखाचा.

संध्याकाळी अण्णा ताशे घेऊन गल्लीत आले. यावेळी नवे बूट घातले होते, लेसवाले, म्हणजे पाय धुण्याचा मोहच नको. मागं पाण्याचा टँकर, टँकरवर तोच बर्फाळ धबधबा. सगळी गल्ली गच्चीवर. मनकर्णाबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या, डोक्यावरून पदर, हातात तोच तांब्या, लख्ख घासलेला. दाराशी आलेल्या माणसाला तांब्या द्यायचा ही रीत. त्यांनी ती मोडली नाही.

अण्णांनी दोन्ही हात पुढं केले. काठोकाठ भरलेल्या तांब्याचं वजन पेलायच्या तयारीनं त्यांनी तो घेतला, आणि हात नको तितके वर उडाले. तांब्या फुलासारखा हलका होता. त्यांनी आत पाहिलं. मग मनकर्णाबाईंकडं पाहिलं. मनकर्णाबाई तशाच उभ्या.

हे सगळं सर्वांत जवळून सुलेखानं पाहिलं, कारण मोबाईल तिच्याच हातात होता. एक शब्द पुरला असता. 'अण्णा, थांबा' म्हणता आलं असतं, चार्जिंग संपलं म्हणता आलं असतं, हात हलल्यासारखं करता आलं असतं. रिकाम्या टाकीचा ठणठण आवाज तिच्या कानात होता. तिनं मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अजिबात हलवला नाही.

अण्णांच्या जागी नवखा माणूस असता तर म्हणाला असता, बाई, हा तांब्या रिकामा आहे. पण अण्णांनी आयुष्यभर राजकारण केलं होतं. त्यांनी तांब्या वर धरला, मान मागं टाकली, आणि प्यायले. घटाघटा. गळ्याची घाटी खाली-वर झाली. मधे दम खायला थांबलेसुद्धा. मग मिशीवरून हात फिरवून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "लई गोड हाय, माय. आईच्या हातचं पाणी."

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. ताशा कडाडला.

मनकर्णाबाईंनी तांब्या परत घेतला. मायेनं विचारलं, "अजून देऊ का?"

"नको नको, पोट भरलं," अण्णा म्हणाले.

मनकर्णाबाईंनी तांब्या सावकाश उंबऱ्यावर उपडा घातला. एक थेंब पडला नाही. ऋतुराजसर मागून गळ्यावर हात फिरवून 'बंद कर, बंद कर' अशा खुणा करत होते. सुलेखाला त्या दिसल्या. तिनं कॅमेरा थोडा खाली घेतला, म्हणजे उपडा तांब्या आणि त्याभोवतीची कोरडी फरशी नीट यावी.

पुढचं सांगायला नको. यावेळी रीमिक्स करणाऱ्यांना काही जोडावंही लागलं नाही. 'पोट भरलं'वर नुसती ढोलकी टाकली की काम झालं. रात्री वरपक्षाच्या खोलीत अण्णा बूट काढून, पाय वर घेऊन बसले होते. फकिराभाऊ तेवढे म्हणाले, "म्या नाय काढला बरं का ह्यो."

ऋतुराजसर वधूपक्षाच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. त्यांच्याजवळ उपाय एकच होता आणि तो एकदा चालला नव्हता, म्हणून दुसऱ्यांदा चालेल अशी त्यांची श्रद्धा होती. "लिही," ते म्हणाले. "हा व्हिडिओ एआयनं बनवलाय. यातली बाई खरी आहे. यातला उमेदवार खरा नाही, नकली आहे. जरा चांगल्या मराठीत कर."

सुलेखानं आजवर त्यांचं प्रत्येक वाक्य सुधारलं होतं. हे पहिलंच, ज्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. तिनं ते जसंच्या तसं अण्णांच्या अधिकृत पानावर टाकलं, लॅपटॉप मिटला, आणि निघताना आरशाच्या कडेची एक टिकली खरवडून टाकली. त्या खुलाशाखाली पहिली प्रतिक्रिया आली होती, 'एवढा प्रामाणिक पक्ष पहिल्यांदा पाहिला.' ऑफिस कायमचं कुणाच्या ताब्यात गेलं, हे तिनं नंतर कधी विचारलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी तिच्या गल्लीत पाणी आलं. ती घरीच होती. मोटार लावायला उठली, तर टाकी आधीच भरून वाहत होती आणि पलीकडून किल्ल्या खुळखुळल्या. सुलेखा जाऊन मनकर्णाबाईंच्या पायरीवर बसली.

"मावशी, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि तिच्या हातात दिला. काठोकाठ भरलेला होता. सुलेखाचा हात वजनानं खाली गेला.

"घे," त्या म्हणाल्या. "हे प्यायचं हाय."